भाऊरावची बोट

इंद्रभानने भट्टीत बाभळीचं लाकूड सारलं आणि वर पाहिलं. डोक्यावरच्या झरोक्यातून त्याला दोनच गोष्टी दिसत होत्या: भाऊरावचे पॉलिश केलेले बूट आणि त्यांच्यासमोर आपल्या बायकोची, अन्नपूर्णेची, जोडव्यांची पावलं.

आगबोट खरं तर दोघांची. महाराष्ट्र झाला त्या साली या दोघा मित्रांनी चिखलीच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनातला बॉयलर उचलला, होडीच्या दोन्ही अंगांना चाकं बसवली आणि जानेफळकडच्या तलावावर सहलीची कंपनी काढली. चाकं फिरवायचा इंद्रभान, पण तो खाली, काजळीत. वर टोपी घालून सुकाणू धरायचा भाऊराव. त्यामुळे पंचक्रोशीत नाव झालं ते भाऊरावची बोट. ते ऐकलं की इंद्रभानच्या पोटात भट्टीपेक्षा जास्त पेटायचं.

बोटीवर एक रिवाजही भाऊरावनेच पाडला होता. काठ सुटला की लग्न झालेल्या बाईनं उखाण्यात नवऱ्याचं नाव घ्यायचं, मगच तिला बाकावर जागा. बायका लाजत, आढेवेढे घेत आणि शेवटी घेत. खाली चाकांच्या धबधब्यात इंद्रभानला आजवर एकही उखाणा ऐकू आला नव्हता, आणि त्याला त्याचं काही नव्हतंही. पण बॉयलर आता थकला होता, आजची फेरी शेवटची, म्हणून अन्नपूर्णा पहिल्यांदाच बोटीत बसली होती.

ती काहीतरी बोलली. बूट मागे सरकले. भाऊराव पोट धरून हसत असावा. सगळी बोटच हसत होती. आपल्या बायकोच्या तोंडी आपलं नाव, आणि तेही आधी ऐकायला मिळावं याला!

इंद्रभानने वाफेचा दांडा खाली ओढला. चाकं कण्हत थांबली. भर पाण्यात एकदम सामसूम झाली.

भाऊराव झरोक्यात वाकला.

"काऊन थांबवलं बे?"

"हसाले काय झालं तुले?"

"अबे, वैनी नावच नाही घेऊन राह्यली. म्हणते, ज्याचं घ्याचं त्याले आयकू येत नाही, मंग लोकायले कशाले आयकवू?"

इंद्रभानने हात धोतराला पुसले. धोतर आधीच काळं होतं. तेवढ्यात शिडी करकरली. नवं लुगडं सावरत अन्नपूर्णा खाली उतरली आणि सरळ लाकडांच्या ढिगावर बसली.

"इथून पाणी दिसत नाही," तो म्हणाला.

"पाणी तं मी काठावरून रोजच पाह्यते."

भाऊराव अजून वाकलेलाच होता, कान देऊन. अन्नपूर्णेनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि उखाणा ओठांवर धरून त्याचं डोकं झरोक्यातून निघायची वाट पाहत राहिली.