रुद्रेशची गाणी

रुद्रेश गेला तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. साईशने बॅनरवर सत्तावीस छापलं.

गोव्यात मांद्र्याला समुद्राकडे उतरणाऱ्या रस्त्यावर साईशचं हॉटेल आहे. दर डिसेंबरात त्याच्या आवारात रुद्रेशच्या आठवणीत गाण्यांचा कार्यक्रम होतो. रुद्रेश खरं तर जुलैत गेला, पण जुलैत मांद्र्यात कुत्रंही फिरकत नाही, म्हणून साईशने पुण्यतिथी उचलून डिसेंबरात ठेवली. बॅनरवर मधोमध रुद्रेशचा फोटो होता, केस कपाळावर आणि गिटार मांडीवर. भोवती तरुणपणीच गेलेल्या परदेशी रॉक गायकांचे चेहरे होते. कार्यक्रमाला चार दिवस राहिले असताना साईश तो बॅनर दाखवायला चोपड्याला रुद्रेशच्या घरी आला, आणि येताना अनंतलाही घेऊन आला. रुद्रेशच्या आईने, चंद्रावतीकाकीने, चष्मा लावून बॅनर वाचला.

“सत्तावीस होवक अजून पाच म्हयने होते,” ती म्हणाली.

“भायले सगळे मोठे गायक सत्तावीस वर्सांचेच गेले, काकी. लोकांका ताच म्हायत आसता.”

काकीने चष्मा पदराने पुसला आणि चहा ठेवायला आत गेली.

अनंत सोप्यावर बसून होता. तो रुद्रेशच्या ‘काजरो’ बँडमध्ये बेस गिटार वाजवायचा. आता मोप्याच्या विमानतळावर सामान चढवणाऱ्यांचा सुपरवायझर होता आणि वर्षातून एकदाच, डिसेंबरात, गिटार खोक्यातून काढायचा. बँडमध्ये तिघंच जण होते: गायला रुद्रेश, ड्रमवर परेश आणि हा. डिचोलीला परेशच्या वडिलांचे खाणीवरचे दोन ट्रक शेडमध्ये गंजत उभे होते, त्यांच्या मधल्या जागेत त्यांची प्रॅक्टिस चालायची. आवाज रुद्रेशचा होता. चेहराही त्याचाच. शब्द आणि चाल मात्र अनंतची, सगळ्या गाण्यांची. तेव्हा ह्याचं कोणालाच काही वाटलं नव्हतं. अल्बमवर नाव घालताना ‘गाणी : काजरो’ एवढंच घातलं, आणि तसंच घालूया असं अनंतच म्हणाला होता.

रुद्रेश गेला आणि ती ‘रुद्रेशची गाणी’ झाली. वर्तमानपत्रात झाली, कॉलेजातल्या पोरांच्या टी-शर्टांवर झाली. यंदा तर इंटरनेटवर कोणीतरी लोकांची मतं घेऊन अकाली गेलेल्या, सगळ्यात जास्त आठवण येणाऱ्या रॉक गायकांची यादी केली होती, आणि आपल्या भागातली सगळी मतं पडून रुद्रेश त्यात तिसरा आला होता. साईशने ह्या वर्षी मोठा पडदाही मागवला. पडद्यावर रुद्रेश गाणार, त्याचाच रेकॉर्ड केलेला आवाज. परेश आणि अनंत वाजवणार. अनंतने कुठे उभं राहायचं ते साईशने कागदावर काढून दाखवलं. पडद्याच्या मागे.

चहा होतो आहे तोवर प्राजक्ता आली. ती एका बातम्यांच्या चॅनेलवर काम करायची. काकीची मुलाखत घ्यायला आली होती. साईशला सजावटवाल्याचा फोन आला म्हणून तो निघून गेला. अनंत मागे राहिला आणि ऐकत बसला.

काकी कॅमेऱ्यासमोर शाळेतलं मराठी बोलायची. प्राजक्ताने ‘निवळ’ ह्या गाण्याबद्दल विचारलं. ते ‘काजरो’चं सगळ्यात गाजलेलं गाणं. पेज शिजली की वर जे पाणी राहतं ती निवळ. गाण्यातली आई मुलाच्या ताटलीत खालचा भात वाढते आणि आपण निवळ पिऊन शेतात जाते.

“माझ्या मुलाने ते माझ्यावर केलं,” काकी म्हणाली. “त्याने लहानपणी सगळं बघितलेलं. मी चुलीकडे पाठ करून निवळ प्यायचे. मला वाटायचं, त्याला कळत नाही.”

अनंतने कप खाली ठेवला. चोपड्याच्या ह्या घरात कधी निवळ पिण्याची पाळी आली नव्हती. रुद्रेशचे वडील सदाशिव मास्तर होते, महिन्याचा पगार होता, बागायत होती. निवळ प्यायची ती अनंतची आई, पार्वती. सावंतवाडीकडून डिचोलीला खाणीवर मजुरीला आलेली. अनंत चौदा वर्षांचा असताना ती गेली आणि तिचा एक फोटोही मागे राहिला नाही. चुलीकडची पाठ तिची होती. काकीने ती गाण्यातून उचलली होती, आणि सहा वर्षं सांगून सांगून ती आता तिला खरीच आठवत होती.

प्राजक्ता कॅमेरा गुंडाळून गेली. काकी कप उचलायला वाकली.

“काकी,” अनंत म्हणाला, “ता गाणा मी लिवलंय. माझ्या आवशीर.”

तिने कप उचलले.

“सगळी गाणी मीच लिवलंय. तो गायचो.”

हे त्याला असं सांगायचं नव्हतं. सांगायचंच नव्हतं, खरं म्हणजे. पण एकदा तोंडातून निघाल्यावर त्याला बरं वाटलं. फार दिवस पायात रुतलेलं काहीतरी निघाल्यासारखं. म्हणून तो थांबला नाही. कुठलं गाणं कुठल्या साली केलं, ‘निवळ’चं दुसरं कडवं कुठल्या बसमध्ये सुचलं, सगळं सांगितलं. काकी कप हातात धरून उभी राहिली आणि तिने शेवटपर्यंत ऐकलं.

“मगे तेचा खंयचा?” तिने विचारलं.

“एकच. तेणा स्वता लिवलेला.”

“ता माका आयकव.”

“माझ्याकडे नाय. फोनार घेतला होता, पुसून टाकलंय.”

“कित्याक?”

“बरा न्हवता.”

ती खाली बसली. कप जमिनीवर ठेवले. मग एकेक प्रश्न विचारत गेली, सावकाश, निवडल्यासारखे. गाणं कशावर होतं? तुमच्यावर, अनंत म्हणाला. त्याने ते कुठे म्हटलं? डिचोलीला, शेडमध्ये. तुम्ही काय म्हणालात? अनंतने खरं तेच सांगितलं. तो म्हणाला होता की हा चौथीतल्या पोराचा निबंध आहे; परेश हसला; मग रुद्रेशही हसला.

“ह्या केदना झाला?”

आता तिने विचारू नये असं अनंतला वाटलं. पण खरं सांगण्याची सुरुवात त्यानेच केली होती.

“जुलयात. तेच्या मगे तो प्रॅक्टिसीक येवक नाय.”

सदाशिव मास्तर तेव्हा नुकतेच वारले होते, आणि त्या वर्षी भातलावणीला माणसं मिळत नव्हती. रुद्रेश घरी राहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा शेतात उतरला. पायाला काचेची चीर गेली. ताप आला तेव्हा त्याने दोन दिवस मेडिकलमधल्या गोळ्या खाल्ल्या. तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे झाले. चिखलपाण्यातून होणारा लेप्टो आहे असं डॉक्टरांनी सांगितलं तोपर्यंत मूत्रपिंडं गेली होती. आठव्या दिवशी तो गेला. काकी सगळ्यांना सांगायची, प्रत्येक मुलाखतीत सांगायची, की माझ्या मुलाने आईची दया येऊन गाणं बाजूला ठेवलं आणि चिखलात उतरला.

“म्हणजे तुमी हसलात म्हणान तो घरी होतो,” ती म्हणाली.

 काकी उठली, तिने कप विसळले, पालथे घातले आणि दार लोटून घेतलं.

चार दिवसांनी मांद्र्याला सूर्य पाण्याला टेकायच्या सुमारास कार्यक्रम सुरू झाला. आवार भरलं होतं. रशियन होते, पुण्याहून आलेले होते, पेडण्यातली पोरं होती. दरवर्षी ‘निवळ’च्या आधी काकीच्या हस्ते दिवा लावायचा आणि तिने दोन शब्द बोलायचे. तिने दिवा लावला. साईशने माईक दिला.

“आता जे गाणं ऐकाल ते माझ्या मुलाचं नाही,” ती त्याच शाळेतल्या मराठीत म्हणाली. “ते अनंतने लिहिलं, त्याच्या आईवर. अनंत तिथे मागे उभा आहे. मी कधीच निवळ प्यायले नाही. मी सांगत होते ते खोटं. रुद्रेशची सगळी गाणी अनंतची आहेत. रुद्रेशला गाणी लिहिता येत नव्हती.”

एवढं बोलून तिने माईक साईशच्या हातात ठेवला आणि खुर्चीवर जाऊन बसली.

सहा वर्षांत अनंतने हा क्षण हजार वेळा मनात घोळवला होता. त्याच्या मनात लोक नेहमी वळून त्याच्याकडे बघायचे. आताही वळले. पुढच्या रांगेतल्या एका पोराने मोठ्याने विचारलं, “सहा वर्सांनी आठवण झाली?” कोणीतरी शिट्टी मारली. साईशने घाईघाईने खूण केली, पडद्यावर रुद्रेश दिसू लागला, परेशने काठ्या वाजवून चार मोजले. गाणं सुरू झालं. दरवर्षी दुसऱ्या कडव्याला सगळं आवार बरोबर गायचं. त्या दिवशी रुद्रेश एकटाच गात राहिला. पडद्यामागून अनंतला त्याचा चेहरा आरशातल्यासारखा उलटा दिसत होता.

प्राजक्ताच्या चॅनेलने तो तुकडा त्याच दिवशी टाकला. खाली लोकांनी लिहिलं की म्हातारीकडून वदवून घेतलंय, मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा माणूस. विमानतळावर लोडरांनी दोन दिवस त्याची नजर चुकवली. प्राजक्ताने परेशला फोन करून खरं काय ते विचारलं, तेव्हा परेश म्हणाला, “आम्ही सगळे मिळूनच करायचो. कोणाचं एकट्याचं असं काही नव्हतं.” अनंतने त्याला जाब विचारला.

“माका डिचोलीत ऱ्हावचा आसा,” परेश म्हणाला. “तुका गाणा व्हया होता, गावला. आता ता घे आणि गप ऱ्हव.”

गाणं त्याचं झालं, आणि लोकांनी ते ऐकणं सोडलं. लग्नांतून, कॉलेजांतून, किनाऱ्यावरच्या शॅकवरून ‘निवळ’ हळूहळू उतरलं. साईशने कळवलं की पुढच्या वर्षी दुसरा बेस वाजवणारा बघतो.

जानेवारीच्या शेवटी काकी पेडण्याला अनंतच्या घरी आली. बसने आली होती. पाणी दिलं ते तिने घेतलं नाही.

“तेचा गाणा तुका आठवतला,” ती म्हणाली. “तू गाण्यातलो माणूस. आठवून ठेव. मी आयकूक बसान.”

अनंतने हो म्हटलं. ती गेल्यावर त्याने खरोखर आठवून बघितलं. फोन उघडून बघितला, जुना लॅपटॉप चालू करून बघितला, परेशला फोन केला आणि त्याने तो उचलला नाही. शेवटी एक ओळ तेवढी आठवली. बाकी सगळं गेलं होतं. म्हणून त्याने ते गाणं करायचं ठरवलं. रुद्रेशला जमलं असतं तसं: साधं, ओबडधोबड, आईने ऐकावं आणि समाधान मानावं असं. पंधरा दिवस तो ड्यूटीवरून आला की गिटार घेऊन बसायचा. मुद्दाम वाईट यमकं घातली. चाल दोन सुरांवर ठेवली. तरी तिसऱ्या कडव्यात त्याच्या हातून काहीतरी चांगलं झालं, आणि ते काढून टाकणं त्याच्याने होईना. ह्या गाण्यावर आपलं नाव कधीच लागणार नाही हे त्याला ठाऊक होतं. तरीसुद्धा काढेना.

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास तो चोपड्याला गेला. काकी ओसरीवर विळीवर दुधी चिरत होती. तो समोर बसला, गिटार लावली आणि म्हणायला लागला. पहिली ओळ होती, ‘आई, तू कदंबा बसची वाट बघत रस्त्यावर उभी, मी मागच्या स्टॉपवर आधीच उतरलो.’ मग पुढची, मग कडवी. काकीचे हात थांबले. गाणं संपेपर्यंत ती मान खाली घालून होती.

“पयली ओळ तेची,” ती म्हणाली. “तो तसोच आधीच उतरायचो. मित्रांबरोबर. फुडला तुझा.”

“सगळा तेचाच, काकी.”

“इतक्या बरा तेका जमाचा नाय. तूच माका सांगितलंस.”

अनंतने गिटार खाली ठेवायला घेतली.

“ठेव नको,” ती म्हणाली. “ती एक ओळ म्हण.”

त्याने म्हटली.

“परत.”

त्याने परत म्हटली. काकीने दुधी पुढे ओढला आणि चिरायला लागली. शेजारची सुविधा वाटी घेऊन काहीतरी मागायला आली, दोघांना बघून उंबऱ्यावरूनच मागे फिरली. ओळ संपली की काकी मान वर न करता म्हणायची, परत. आणि अनंत परत म्हणायचा. चौथ्या-पाचव्या वेळेला त्याचा आवाज चिरकला. त्याने पाणी मागितलं.

“मगे देतंय,” ती म्हणाली. “म्हण.”