माझ्या जाळीतला खर्रा

मित्रांनो, मी वर्ध्याच्या नत्थू साउंड सर्व्हिसचा एक जुना माईक आहे. कारखान्यातून निघालो तेव्हा माझी जाळी चांदीसारखी चमकत होती. आज तिच्यात अर्ध्या जिल्ह्याचा खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचा चघळलेला चुरा, अडकला आहे. उद्घाटन असो की शोकसभा, वक्ता आधी फुंकर मारतो, मग टिचकी, मग सुपारीचा तुकडा. नाक नसतानाही मला वास येतो, यावरून काय ते समजा.

रॅप-मेटलवाली पोरं माईक तोंडात घालून किंचाळतात, असं ऐकून होतो. म्हणून ‘ढेकूळ’ बँडच्या नव्या गाण्याच्या प्रकाशनाला मी घाबरतच गेलो. मयुरी गायला, मुकेश ड्रमवर. गिटारवाला नोकरीसाठी पुण्याला गेलेला, त्यामुळे गिटारचं रेकॉर्डिंग बँडमधल्या प्रफुलच्या मोबाइलमध्ये. नवं गाणं आष्टीच्या न येणाऱ्या बसवर होतं. मयुरीची आई, आनंदाबाई, पहिल्या रांगेत बसली होती. तिने बजावलं होतं, “एकदा आयकतो. मंग ठरवू, घरात हे चालू ठेवाचं का नाई.”

हॉल आठपर्यंतच होता. पण आपल्याकडे प्रकाशन म्हटलं की कागदातून काहीतरी सोडून दाखवावं लागतं. आयोजकांनी प्रफुलचा मोबाइलच रंगीत कागदात बांधला. प्रमुख पाहुणे मोतीलालजी, कापडाचे व्यापारी, गालात खर्रा धरून तरुणाईवर बोलले. ‘संस्कृती’ला एक शिंतोडा, ‘परंपरा’ला दोन. माझी किळस कोणी विचारली नाही. शेवटी त्यांनी कागद सोडला, फोटो काढला आणि प्रकाशनाची प्रत पाहुण्यांनीच न्यायची असते म्हणून मोबाइल शाल-नारळासोबत पिशवीत टाकून ते पुढच्या लग्नाला गेले.

“काका, माहा मोबाइल गेला ना,” प्रफुल म्हणाला.

“मंग त्या मोबाइलवर फोन लाव,” आयोजक म्हणाले.

“मुकेशच्या फोनवरून लावला. तुमीच तो सायलेंट कराले लावला होता.”

“मंग आता आभार उरकून घेऊ.”

ते मला उचलणार, तेवढ्यात मयुरीने मला ओढलं. माझ्या जाळीकडे पाहून तिचं तोंड वाकडं झालं.

“शी. नत्थूकाका, धुत नाई का याले?”

“कोनी सांगतलंच नाई बाई.”

तिने मला ओढणीने खसाखसा पुसलं. मग तोंडाशी धरून किंचाळली. मुकेशने ड्रम बडवला. गिटार नव्हतीच. खरं सांगतो, आवाज थंडीत चालू न होणाऱ्या ट्रॅक्टरसारखा होता. पण तिच्या तोंडात खर्रा नव्हता.

“घसा बसन पोरीचा,” शेजारच्या शोभाबाई म्हणाल्या.

“बसू दे,” आनंदाबाई म्हणाली. “आष्टीच्या स्टँडवर मले बी असंच ओरडावं वाटे.”

आठ वाजले. हॉलवाल्याने वीज बंद केली. मी मेलो, मयुरी थांबली नाही. उरलेलं गाणं ती माझ्याशिवायच म्हणाली आणि शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यानेही कानावर हात ठेवले.

आनंदाबाई चप्पल घालत म्हणाली, “उद्यापासून मांगच्या खोलीत करजो. खिडकी लावून.”

मित्रांनो, माझ्यासमोर भाषण करा, नाहीतर किंचाळा. मला दोन्ही सोसतं. फक्त आधी चूळ भरा.