थर सुटले

प्रयोगशाळेत तिला सगळे ‘वादळ’ म्हणत. ती आत आली की मागे दार आपटणारच! मृतांच्या रक्तातून झोपेची औषधं वेगळी काढून मोजायची, हे तिचं काम.

त्या दिवशी एका वृद्ध गृहस्थांचं रक्त तपासणीला आलं होतं. ते झोपेतच गेले होते. हृदय आधीच थकलेलं. पण मुलाच्या मनात पाल चुकचुकली आणि तो पोलिसांकडे गेला. म्हणाला, “बहिणीनेच बाबांना जास्त गोळ्या दिल्या.” अंथरुणाला खिळलेल्या बापाचं सगळं केलेली ती लेक आता चौकशीसाठी पोलीस ठाण्याच्या फेऱ्या मारत होती.

मेलेल्या माणसाचं रक्त म्हणजे हट्टी प्रकरण. वादळाने त्यात द्रावक ओतला आणि नळी दणादण हलवली. औषध सोबत घेऊन द्रावकाने वर यायचं, तर तो रक्तातच फेसाळून बसला. थर काही सुटेनात. दुसऱ्या नळीतही तीच गत. आता जेमतेम एका खेपेपुरतं रक्त उरलं.

तिचा चेहराच पडला. विभागाचे प्रमुख, मिशीवाले काका, चष्म्यावरून बघत म्हणाले, “अगं, भांडतेस कशाला त्याच्याशी? जरा गोडीगुलाबीने घे की.”

“मला येते का गोडीगुलाबी? आमच्या ह्यांना विचारा!”

“मग आज शीक.”

तिने रक्त आधी पातळ केलं. द्रावक हळूच सोडला आणि नळी संथ फिरणाऱ्या यंत्रावर ठेवली. हात शिवशिवत होते, म्हणून ते खिशात कोंबले. मग नळी गरगर फिरवणाऱ्या गार यंत्रात घालून बाहेर काढली, तर खाली लालकाळं रक्त आणि वर काचेसारखा नितळ थर!

“काका, सुटले! थर सुटले!”

काका खुर्चीतून उठून धावत आले. वरचा थर काढून, सुकवून तिने मोजणीला लावला. औषध सापडलं, पण डॉक्टरांनी सांगितलेल्या गोळ्यांइतकंच. रतीभरही जास्त नाही. काकांनी सगळं पुन्हा पडताळलं आणि अहवालावर सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी तपास करणाऱ्या फौजदारबाईंचा फोन आला. “भाऊ मान खाली घालून उभा होता हो. बहीण आधी ढसाढसा रडली, मग त्याचा कान पिरगाळला आणि म्हणाली, ‘चल घरी, सकाळपासून उपाशी असशील.’ दोघं हसतच गेले.”

वादळाने फोन ठेवला आणि ही बातमी सांगायला खोल्याखोल्यांतून पळत सुटली.