खाजणाच्या तोंडाची झडप

मित्रांनो, मी झडप आहे. म्हातारी. नळाची नाही, पंपाची नाही, तसलं काही डोक्यात आणू नका. मी लाकडाची आहे, माणसाएवढी उंच, आणि खाडीच्या पाण्यात उभी असते. रत्नागिरीत माझ्यासारख्या पुष्कळ होत्या. आता किती उरल्यात ते विचारू नका, डोकं फिरतं माझं.

माझं काम आधी समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. एका बाजूला खाडी, म्हणजे खारं पाणी. दुसऱ्या बाजूला भाताची खाचरं आणि काशीकाकीची विहीर. मधे मातीचा लांबच लांब बांध. आतल्या सगळ्या जमिनीला खाजण म्हणतात. ह्या बांधाला एक भोक ठेवलेलं असतं, चिऱ्यांनी बांधलेलं. त्याला म्हणतात उघाडी. त्या उघाडीच्या तोंडाला, खाडीच्या अंगाला, मी. वरून दोन लोखंडी खिळींवर टांगलेली.

भरती आली की समुद्र मला ढकलतो आणि मी चौकटीला घट्ट चिकटते. खारं पाणी बाहेरच. ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी मला मागून लोटतं, मी उचलली जाते आणि ते पाणी खाडीत निघून जातं. वीज नाही, मोटर नाही, माणूस नाही. समुद्र स्वतःच स्वतःला दार लावून घेतो. सांगा बघू, ह्यापेक्षा हुशार यंत्र बघितलंय कुठं?

पालीकडच्या जंगलातल्या ऐनाच्या लाकडाची मी. मला घडवली इथं खाडीत मासे मारणाऱ्या मुसाच्या आजोबांनी. ते होड्या बांधायचे. पाण्याला कुठून आत शिरायचं सुचेल हे त्यांना आधीच कळायचं. काजूच्या टरफलाचं तेल पाजून पाजून त्यांनी मला काळी केली. मला टांगली तेव्हा पहिल्याच भरतीला आत थेंबही गेला नाही, आणि बांधावर उभ्या असलेल्या लोकांनी आरोळी ठोकली. हिंदू वाडी, मुसलमान मोहल्ला, सगळे होते. जमीन सगळ्यांची आत होती ना.

तेव्हा एक रीत होती. शिमगा झाला की घराघरातून एक माणूस चिखलाची टोपली घेऊन बांधावर यायचा. खेकड्यांनी पाडलेली भोकं बुजवायची, बांध थापायचा, मला तेल द्यायचं. जो यायचा नाही त्याला पुढचं वर्षभर ऐकून घ्यावं लागायचं. "काय रे, तुझा भात काय आभाळात पिकतो?"

मग एक दिवस सरकारने बांध ताब्यात घेतला. बोर्ड लागला, नारळ फुटला. लोक खूश. आता टोपली उचलायची गरज नाही, सरकार करील! घरी जाऊन सगळ्यांनी टोपल्या माळ्यावर टाकल्या. मित्रांनो, बांधाला भोक पडलं ते त्या दिवशी. दिसलं मात्र खूप वर्षांनी.

सुरुवातीला माणसं यायची, माती टाकायची, खिळींना ग्रीस लावायची. मग एक वर्षाआड. मग कुणीच नाही. माझी एक खीळ गंजून तुटली. मी तिरकी झाले. चौकट आणि मी, दोघींच्यामध्ये हाताचा पंजा जाईल एवढी फट. भरतीला खारं पाणी त्या फटीतून आत शिरायचं, आणि मी बघत राहायचे. करणार काय?

पहिल्यांदा कळलं ते काशीकाकीला. तिची विहीर बांधाच्या आत, सगळ्यात जवळ. अख्खी वाडी उन्हाळ्यात तिचंच पाणी पिते, बाकीच्या विहिरी आटतात. काकीने पोहरा वर काढला, घोटभर पाणी तोंडात धरलं आणि थुंकली. तशीच ताडताड माझ्यापाशी आली.

सरपंच दर्शना तिच्या लेकीच्या वयाची. काकीच्या तोंडापुढे तिचं काही चाललं नाही. आठवड्याभरात ती बांधाच्या सरकारी खात्यातल्या साहेबाला घेऊन हजर.

"साहेब, ही बगा. एका खिळीवर लोंबतेय," काकी म्हणाली.

"बघितली. पण दुरुस्तीला यंदा निधी नाही, मावशी."

"मग कशाला हाय?"

"कांदळवन पर्यटनाला आहे. बांधावर फरशी, रेलिंग, दिवे. आत होड्या फिरवायच्या. पर्यावरण संवर्धनाचाच पैसा आहे तो."

"मग त्यातून झडप करा."

"झडप त्यात बसत नाही."

"चौकटीत पन बसत नाय ती! म्हनून तर तुमाला बोलावला!"

मुसा बाजूला जाळं सोडवत बसला होता. तो फिसकन हसला. साहेबालाही हसू आलं, पण लगेच त्याने घड्याळात बघितलं. तो वाईट माणूस नव्हता हो. तो म्हणाला, "मी तीनदा वर पाठवलंय. जुनं सांभाळायला पैसा मिळत नाही, मावशी. नवीन काहीतरी मागा, लगेच मिळतं."

साहेब गेल्यावर काकी दर्शनावर उखडली. "तू हो म्हनालीस?"

"नाय म्हटला तर पैसा दुसऱ्या गावाला जाईल, काकी. मग आपल्याकडं कोन ढुंकून बगनार नाय. आता घेऊया. झडपेचा मग बगू."

मग बगू! हे शब्द ऐकले की अजून माझ्या फळ्या करकरतात.

दिवाळीनंतर जेसीबी आला. बांधाच्या बाहेरच्या अंगाला कांदळाची झाडं होती, मुळं चिखलात रोवून उभी. लाट माझ्यापर्यंत यायची ती त्यांच्यातून गाळून, दमून यायची. जेसीबीने ती उपटली, कारण रेलिंगचे खांब तिथेच यायचे होते. खांब लागले. एका खांबावर बोर्ड चढवला. काय लिहिलं होतं माहितीये? "कांदळवन वाचवा." मी खोटं कशाला सांगू, आजही आहे तो तिथं.

बांधावर रंगीत ब्लॉकची फरशी झाली. मलाही निळा रंग फासला आणि वर हसरा खेकडा काढला. गंजलेल्या खिळीवरही रंग. लोक फोटो काढायला लागले. "किती क्यूट!" म्हणाले. मला आयुष्यात एवढं कौतुक कधी मिळालं नव्हतं, आणि मला एवढी भीतीही कधी वाटली नव्हती.

उद्घाटनाला मोठे पाहुणे यायचे ठरले, ते नेमके ओहोटीच्या वेळेला. ओहोटीला आत नुसता चिखल. होड्या फिरणार कशावर? ठेकेदाराने डोकं चालवलं. सकाळच्या भरतीला मला दांडा लावून उघडी धरायची, खाडी आत घ्यायची, आणि मग बाहेरून दांडा ठोकून बंद करायची.

"मेल्यानू, खारा पानी मुद्दाम आत घेताव?" काकी पदर खोचून धावली. "माजी हीर हाय तितं!"

"दोन तासांचा प्रश्न आहे, मावशी."

मुसा म्हणाला, "अरे बाबा, मीठ काय घड्याळ बगून परत जातं?"

कोण ऐकतो? समुद्र आत शिरला. खाचरांमधून सरकत सरकत पार काकीच्या विहिरीच्या कठड्याला टेकला. पाहुणे आले, होडीत बसले, टाळ्या झाल्या. ते गेल्यावर दांडा निघेना, म्हणून ट्रॅक्टरला दोरी बांधून ओढला. दांडा निघाला, पण माझी उरलेली खीळ पिळवटली. मित्रांनो, लाकडाला दुखत नाही असं तुम्हाला कोणी शिकवलं असेल तर ते चूक आहे.

विहीर गेली. वाडीत टँकर सुरू झाला. पण काकीला त्याहून मोठी शंका होती. ती रोज फरशीवरून चालायची आणि टाच आपटून बघायची. माझ्या डोक्यावर आली की आवाज बदलायचा. ढब्. ढब्. जसा रिकाम्या कणगीवर थाप मारावी तसा.

एका सकाळी ती पिकाव घेऊन आली आणि नवीकोरी फरशी फोडायला लागली. दर्शना धावत आली.

"काकी, येडी झालीस? सरकारी काम हाय! केस होईल!"

"होऊं दे. जेलात तरी गोडा पानी मिलेल."

चार ब्लॉक निघाले. खाली माती नव्हती. काळोख होता, आणि त्या काळोखात पाणी हलत होतं. कांदळ गेल्यापासून प्रत्येक लाट बांधाची माती थोडी थोडी खात होती, आणि वरची फरशी ते झाकत होती. मुसाने जाळ्याची काठी आत घातली. ती तळाला टेकलीच नाही.

दर्शनाने फोटो काढून साहेबाला पाठवला. उत्तर लगेच आलं. तिने मोठ्याने वाचलं, "अंदाजपत्रक करून पाठवतो. काम पावसाळ्यानंतर." मग तिने फोन काकीच्या पिशवीत टाकला, चपला काढल्या आणि चिखलात उतरली. थोड्या वेळाने वाडीतून, मोहल्ल्यातून माणसं यायला लागली. पण थोडी. बरीच घरं मुंबईला, काही आखातात. टोपल्या कुठं होत्या ते कोणाला आठवेना. घमेली, बादल्या, जे मिळालं ते आणलं.

"झडप आता धरनार नाय," मुसा म्हणाला. "तोंडच बुजवूया."

"आनि पावसात डोंगराचा पानी जायाचा कुठून?" काकीने विचारलं.

समुद्र समोर होता, पाऊस अजून लांब होता. त्यांनी मला चौकटीत ठोकली आणि गळ्यापर्यंत चिखलात गाडली.

आता पाऊस लागून बरेच दिवस झालेत. डोंगराचं पाणी मागे साचत चाललंय. भाताचं रोप त्याच्याखाली गेलंय. ते पाणी माझ्या पाठीवर रेटा देतंय, जाऊ दे म्हणून. पण मला उघडता येत नाही. पुढून खाडी रेटा देतेय, आणि उद्या अमावास्येचं उधाण आहे. दोन पाण्यांच्या मधे मी, आणि माझ्या आजूबाजूला हाताने थापलेला ओला चिखल.

मित्रांनो, तुमच्या गावात कुणी नवं काही बांधून द्यायला आलं, तर आधी त्याला हाताला धरून जुन्यापाशी न्या. बांधापाशी, झडपेपाशी, विहिरीपाशी. गुडघाभर पाण्यात उभं करा. खाली हात घालून चाचपायला लावा. तोवर त्याला नारळ फोडू देऊ नका. आणि सरकारचं असलं तरी ते तुमचंच आहे, एवढं लक्षात ठेवा, कारण बुडणार तुम्ही आहात, सरकार नाही.

काशीकाकी आत्ता वर उभी आहे, डोक्यावर इरलं घेऊन. दर्शना तिच्या शेजारी. दोघी खाडीकडे बघतायत, भरती कुठवर आली ते.

माझ्या डाव्या पायाशी, आतल्या अंगाला, माती सुटायला लागलीय. तिकडे कुणाचं लक्ष नाही.