केरबाआण्णांचा उजवा गुडघा

मी गुडघा बोलतोय. दचकू नका पावणं, तुमचा न्हवं. केरबाआण्णांचा उजवा, नवा. अंग धातूचं, मधे प्लास्टिकची गादी. जन्म कारखान्यात झाला. बारसं न्हाय, नुसता नंबर. कोल्हापुरात आलो आणि एका मंगळवारी मला ठोकून आण्णांच्या पायात बसवलं. मी ठोके खातोय आणि आण्णा घोरतायत!

आण्णा राधानगरीकडच्या एका गावात दूध डेअरीचे सेक्रेटरी. तीस वर्षं दुधाची फॅट बघितली. कुणी म्हणालं, "सात लागंल की आण्णा," की हे चष्म्यावरनं बघत म्हणायचे, "साडेसहा." समोरचा वाढवूनच सांगतोय, हे ठरलेलं. बायकोच्या आमटीलासुद्धा कधी पुरते मार्क दिले न्हाईत.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टर संयोगिताबाईंनी विचारलं, "आण्णा, पाय जळतो का? मुंग्या येतात? दुखणं दहापैकी किती?"

पाय वर्षभर जळत होता. आण्णा म्हणाले, "तीन."

अंबूबाई, म्हणजे त्यांची बायको, बघतच राहिली. घरात तर रोज बोंबाबोंब!

डॉक्टर म्हणाल्या, "खरं सांगा हं. आधी कळलं तर औषधाची तयारी आधीच करता येते. नस एकदा चिडली की लवकर ऐकत नाही."

"तीनच."

ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्यात शेजारची नस पेटली. टाके सुकलेले, मी झकास वाकतोय, पण चादर नुसती घासली तरी आण्णा कळवळायचे. गुंगी येते म्हणून गोळ्या उशाखाली. दवाखान्यातनं फोन आला की, "दोन." शिव्या मात्र मला. "लोखंडच खोटं घातलंय!" अहो, मला कुठं दुखतंय?

दीड महिन्यानं तपासणीला गेलो. आण्णा "दोन" म्हणाले आणि अंबूबाईनं हातातली कापडी पिशवी हळूच गुडघ्याला टेकवली. आण्णांची किंकाळी बाहेरच्या बाकापर्यंत गेली.

"ह्ये दोन व्हय? खरं सांगतासा का परत टेकवू?"

आण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. "नऊ. पयल्यापासनंच जळतंय. म्हटलं, डॉक्टरला वाटंल म्हातारा वाढवून सांगतोय."

डॉक्टरांनी पाय नीट तपासला. मग औषध बदललं, नसेला स्पर्शाची सवय व्हावी म्हणून रोज गुडघ्यावर मऊ फडकं हळूहळू फिरवायला सांगितलं. "कमी होईल," त्या म्हणाल्या. "पूर्ण जाईल असं आज सांगत नाही."

आज चार महिने झाले. आग निम्मी उरलीय. आण्णा अजून धोतर गुडघ्याच्या वर खोचूनच बसतात. मी निर्दोष असूनही मान खाली घालून बसतो.

परवा तपासणी उरकून निघताना डॉक्टर अंबूबाईला म्हणाल्या, "मावशी, तुम्हीपण लंगडताय की."

"माझं काय, उगं थोडंसंच."

आण्णा दारातनं मागं वळले. "डॉक्टर, जिना चढताना ही पदर दातात धरती. गुडघ्यापासनं घोट्यापतूर जळतंय म्हणती. लिवून घ्या."

अंबूबाई रागानं बघायला लागली. डॉक्टरांनी लिहून घेतलं.

तिच्या पायात माझा जो भाऊबंद येईल, त्याला तरी शेजार शांत मिळू दे.