म्हणे, आत्ताच पडला!

हॅलो! थांबा, ठेवू नका. मी बोलतोय. मी म्हणजे लहान मुलांच्या दातांच्या दवाखान्यातला फोन. काउंटरच्या उजव्या कोपऱ्यात तो करडा, पिळाच्या वायरीचा नाही का, तोच. आणि आधीच सांगून ठेवतो, माझा तुमच्यावर विश्वास नाही. राग मानू नका, कुणावरच नाही.

आता मला सांगा, कसा ठेवणार? कारखान्यात माझी पहिलीच चाचणी झाली. एका बाईनं मला उचललं आणि विचारलं, "येतोय का आवाज?" पलीकडून उत्तर आलं, "एकदम मस्त!" मी असला खूश! म्हटलं, लांब कुठल्या तरी गावाहून कुणीतरी बोललं माझ्यातून. मग बघतो तर काय, तो माणूस शेजारच्याच टेबलावर बसून चहा पीत होता. जन्माला आल्या आल्या फसवणूक!

पुढे मी गेलो घरसामान हलवून देणाऱ्यांच्या ऑफिसात. तिथले मालक दिवसभर मला कानाला लावून एकच सांगायचे, "गाडी निघाली साहेब, पोचेलच आता." गाडी खिडकीबाहेर उभी. ड्रायव्हर आत पाय वर करून घोरतोय. सात वर्षं ऐकलं हो मी हे! ते ऑफिस बंद पडलं तेव्हा या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांचं काउंटर विकत घेतलं आणि काउंटरवर मी फुकट आलो.

मला वाटलं, चला, लहान मुलांचा दवाखाना, इथे तरी खरं बोलतील. कसलं काय!

काउंटरवर एक ताई बसते. लहान मुलाच्या दाताला काही झालं म्हणून फोन आला की ती तीन प्रश्न विचारते. वय किती, दात कुठला, आणि किती वेळ झाला. पहिल्या दोनची उत्तरं बरी येतात. तिसऱ्याला सगळ्यांची जीभ अडखळते. "आत्ताच हो! हा काय, आत्ताच पडला!" आणि मागे कुणीतरी म्हणत असतं, "अगं, जेवणाआधी पडलाय, खरं सांग ना!" एक आई शपथेवर म्हणत होती, "आमचा गोडाला शिवत नाही." आणि माझ्या कानात चॉकलेटचा कागद चुरचुर वाजतोय!

त्यामुळे ताईचा हिशोब ठरलेला. "आत्ताच" म्हणजे तास धरायचा. "पाच मिनिटं" म्हणजे अर्धा तास. मीही तेच शिकलो.

आता त्या दुपारचं सांगतो. दवाखाना रिकामा होता. डॉक्टरीणबाई आत डबा खात होत्या. मी वाजलो. ताईनं उचललं.

"काकू, तुमच्याकडे दात परत लावतात का?"

मुलीचा आवाज. नऊ-दहा वर्षांची असेल. काकू म्हटल्यावर ताईच्या कपाळाला आठी. चोवीसची आहे हो ती! शिवाय आदल्याच आठवड्यात कुणीतरी पोरांनी फोन करून विचारलं होतं, "डायनासोरचा दात काढाल का?" आणि खी खी करत ठेवून दिला होता.

"कुणाचा दात?" ताईनं कोरडंच विचारलं.

"भावाचा. आठ वर्षांचा आहे. वरचा, पुढचा."

"किती वेळ झाला?"

"एकतीस मिनिटं."

ताईनं रिसीव्हर कानापासून लांब धरून माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. एकतीस? असं कोण सांगतं? तीस नाही, अर्धा तास नाही, एकतीस! शंभर टक्के थापा. शेजारी चारपाच पोरं तोंड दाबून हसत असणार.

"हे बघ बाळा, हा दवाखान्याचा फोन आहे. खेळायला दुसरा नंबर शोध," ताई म्हणाली आणि मला खाली ठेवायला लागली. आणि मी? मी मनात म्हणालो, ठेव, ठेव!

तेवढ्यात पलीकडून घाईघाईत आलं, "काकू, तुम्ही बाबांना सांगणार नाही ना?"

ताईचा हात हवेतच थांबला. आवाज कापत होता. गंमत करणाऱ्या पोराला बाबांची भीती नसते हो. ते हसतं, पळतं. ही घाबरली होती.

"दात कुठाय?" ताईचा सूर बदलला.

"कंपासपेटीत. खोडरबरच्या कप्प्यात."

"दुधाचा आहे की नवा?"

"नवा. दुधाचा गेल्या वर्षीच पडला. आणि याची कडा करवतीसारखी आहे."

ताई ताडकन उभी राहिली. नव्या दाताची कडा तशीच असते. दुधाचा दात पडला तर तो परत बसवत नाहीत, नवा येणारच असतो. पण हा गेला तर गेला. आणि उघड्यावर कोरडा पडलेला दात तासाभरात मरायला लागतो. त्यातली एकतीस मिनिटं संपलेली. म्हणजे, पोरगी खरं बोलत असेल तर. मला अजून खात्री नव्हती.

"घरात गार दूध आहे?"

आता पोरगी संशयात. "दूध कशाला?"

"दात ठेवायला. मुळाला हात लावायचा नाही, पांढऱ्या बाजूनं धर. घासू नको, पुसू नको. वाटीत दूध घे, त्यात टाक. आणि भावाला स्वच्छ रुमाल दे, रक्त येतंय तिथे चावून धरायला सांग."

पावलं. फ्रिजचं दार. मग बारीकसा टण्ण आवाज. "टाकला. काकू, साय चालते?"

"चालते. आणि ताई म्हण. घरी कोण आहे?"

"आई कामावर. बाबा झोपलेत, रात्रपाळी होती. हा त्यांचाच मोबाइल, उशीखालून काढला." मग एकदम हळू, "मी त्याला चादरीवर बसवून ओढत होते. टेबल लागलं. बाबा मला मारतील."

"मारणार नाहीत. त्यांच्या कानाला लाव फोन."

"नको!"

"अगं, तुला गाडी चालवता येते का? मग? लाव."

पुढे मी जे ऐकलं! आधी घोरणं. ताई ओरडली, "हॅलो! ऐका, दातांच्या दवाखान्यातून बोलतेय!" घोरणं थांबलं. एक जाड आवाज, "नको! मला कसलीच स्कीम नकोय! झोपू द्या माणसाला!"

आणि कट.

आता काय? मला नंबर दाखवायची पाटी नाही. आम्हाला उलट फोन लावता येईना. ताई घड्याळाकडे बघत नख चावत उभी. डॉक्टरीणबाई खरकट्या हातानं बाहेर आल्या, "काय झालं गं?" ताईनं सांगितलं. त्या म्हणाल्या, "सगळं तयार ठेव."

"आणि नाही आले तर?"

"तर पोराचा दात गेला."

पस्तीस मिनिटं. सदतीस. मी आयुष्यात पहिल्यांदा मनापासून वाजायची इच्छा धरली. पोरगी गप्प बसेल, फोन उशीखाली सरकवेल, असंच मला वाटत होतं. तिच्या जागी मी असतो तर तेच केलं असतं.

अडतिसाव्या मिनिटाला वाजलो. तोच जाड आवाज, पण पार उतरलेला. "ताई, पत्ता सांगा. पोरीनं सगळं सांगितलं मला."

पंधरा मिनिटांत तिघं दारात. बाबांचा शर्ट उलटा. पोराच्या तोंडात रुमाल. पोरीच्या दोन्ही हातांत वाटी, नजर वाटीतल्या दुधावरच.

"किती वेळ झाला?" ताईनं विचारलं.

बाबा म्हणाले, "आत्ताच! दहा-पंधरा मिनिटं!"

बघा! मोठा माणूस आला रे आला की सुरू!

"त्रेपन्न," पोरगी म्हणाली. "पहिली तेहतीस कंपासपेटीत, मग वीस दुधात. तो पडला तेव्हा मी घड्याळ बघितलं होतं. मला वाटलं, विचारतील."

आतून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, "कोण म्हणतंय ते? तिला आधी आत पाठव. बाबांना बसू दे बाहेर."

दात बसवला. शेजारच्या दातांना बारीक तार लावून बांधला. जगेल का, तेव्हा कुणालाच सांगता येत नव्हतं. दोन आठवड्यांनी तार काढली तेव्हा जागच्या जागी होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मुळाचं काम करावं लागेल कदाचित. वर्षभर लक्ष ठेवू." मी तर अजून शंका घेतोय.

मग एका संध्याकाळी बाबांचा फोन आला. आवाज दबका. "ताई, एक विचारू? पोरगी म्हणते तिनं ओढलं. पोरगा म्हणतो, ती तिथे नव्हतीच, मी एकटाच घसरलो. दोघंही हटत नाहीत. तुम्हाला काय म्हणाली होती ती? खरं कोण बोलतंय?"

ताईला सगळं माहीत होतं. मलाही. ती थोडा वेळ माझी वायर बोटाला गुंडाळत बसली. "आम्ही फक्त दात बघतो हो," ती म्हणाली. "पण दोघांत भांडण नाही ना? मग सोडून द्या."

पलीकडे बाबा हसले.

आता माझं काही खरं नाही. काउंटरवर एक मोबाइल आलाय. लोक त्यावर तुटक्या दातांचे फोटो पाठवतात. माझं चारचं बटण दाबलं की वर येत नाही, दिवसात दोनदा वाजलो तर खूप. कधीतरी ड्रॉवरमध्ये जाईन. त्याआधी एवढंच सांगायचंय, की खोटं तुम्ही मला पोटभर सांगा, सवय आहे. पण दात पडलाय तेव्हा नको. आणि एखादं लहान पोर फोन करून काही विचित्र विचारत असेल, तर ठेवायच्या आधी दोन श्वास ऐका.

त्या पोरीची मला माफी मागायचीय. पण माझ्यातून हजारो लोक बोलले तरी मला स्वतःला कुणाला फोन लावता येत नाही हो. तुमच्या शेजारीपाजारी राहत असेल ती, तर तेवढा निरोप द्या.

देणार ना? नक्की?