चौथा कप्पा

“जावक सापडत नाही म्हणतोय,” डॉक्टर म्हणाले.

“सापडत नाही कशी? ही काय समोर बसलीये,” जावककाकू म्हणाल्या.

कुणी हसलं नाही. साहेब टेबलाशी उभे होते, आणि साहेब उभे असले की विनोदाने बसून राहायचं असतं.

डॉक्टर म्हणजे कार्यालयाचे कॉम्प्युटर दुरुस्त करणारे गृहस्थ. कुठल्याही दुखण्यावर आधी ‘बंद करून चालू करा’ सांगायचे, म्हणून हे नाव. आज तो उपाय करून थकले होते. सकाळीच मुख्य कार्यालयाकडून ईमेलला जोडायचा नवा अ‍ॅड-ऑन आला होता. प्रत्येक पत्रावर क्रमांक आणि शिक्का उठवून मगच तो पत्र बाहेर सोडणार. पण तो शोधत होता ‘आउटबॉक्स’, आणि काकूंच्या मशीनवर त्या कप्प्याचं नाव होतं ‘जावक’. मशीन आलं तेव्हा काकूंनीच बजावलं होतं, “आधी याला आपली भाषा शिकवा, मग मी हात लावते.”

उद्याची सुनावणी पुढे ढकलली होती. तसं कळवणारी पत्रं पाचच्या आत गेली नाहीत, तर लांबलांबची माणसं कामधंदा बुडवून उद्या दारात उभी राहणार होती.

“भाषा इंग्रजी केली की चालेल,” डॉक्टर म्हणाले.

“आणि उद्या परत आपली?”

“परत अडेल, काकू. कंपनीला लिहितो मी. पण त्यांचं उत्तर...” डॉक्टरांनी हात हवेत फिरवला.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. “काकू, इंग्रजीत जमेल? नसेल तर हे टेबलही भाऊ बघतील. तुम्हाला खाली रेकॉर्डला देतो. निवांत काम आहे.”

निवांत म्हणजे तळघर. तिथे गेलेलं माणूस थेट निरोपसमारंभालाच वर येतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

भाऊ आवकच्या टेबलावरचे. कार्यालयात येणारं सगळं त्यांचं, जाणारं काकूंचं, अशी दोघांची जुनी वाटणी. भाऊंना इंग्रजी वाचता येई, आणि वाचलेलं ते इतरांना ऐकवतही.

“येऊ का, काकू, तुमच्या मुलखात?”

“या. पण तक्रारी तिकडेच ठेवून या,” काकू म्हणाल्या आणि साहेबांकडे वळल्या. “जमेल. मी नावं वाचतच नाही, साहेब. जागा पाठ आहेत.”

ते खरं होतं. आवक, कचरा, जावक, मसुदा. तयार पत्रं मसुद्यात, म्हणजे चौथ्या कप्प्यात. बोट आपोआप तिथे पडायचं.

डॉक्टरांनी भाषा बदलली, मशीन बंद करून चालू केलं आणि बाजूला झाले. पडद्यावर ओळखीचं एक अक्षर उरलं नव्हतं. काकूंनी पदर खोचला, चौथा कप्पा उघडला. पत्रं दिसली, ‘सुनावणीबाबत’. पत्रांचे विषय तरी आपल्याच भाषेत होते. त्यांनी सगळी एकदम निवडली.

“जमलं की!” साहेब म्हणाले.

पाठवायच्या बटणावर काकूंचं बोट खाली यायला लागलं.

“काकू, हात काढा!”

डॉक्टर ओरडले तसा त्यांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

“तो कचरा आहे, काकू. सकाळी टाकून दिलेली पत्रं. ‘सुनावणी उद्याच’ म्हणणारी.” डॉक्टरांनी कपाळ पुसलं. “नावं बदलली तसा क्रमही बदलला. इंग्रजी अक्षरांप्रमाणे लागलेत कप्पे. मसुदा आता सगळ्यात वर आहे.”

भाऊंनी चष्मा पुसायला घेतला. साहेब म्हणाले, “ठीक आहे, होतं असं. वरचा उघडा आणि पाठवा.”

काकूंनी वरचा कप्पा पाहिला, मग खालचा. दोन्ही सारखेच मुके. आज डॉक्टर शेजारी होते. उद्या?

“नको, साहेब,” त्या म्हणाल्या. “माणसं उगाच हेलपाटा घालतील. भाऊ, तुम्ही बसा.”

“अहो, मी गंमत करत होतो...”

“बसा हो. पाच वाजतायत.”

त्या उठल्या. मग भाऊंच्या दुखऱ्या गुडघ्यांकडे नजर गेली, तशी वाकून खुर्चीचा दांडा ओढला आणि बैठक चार बोटं वर घेतली. भाऊ अवघडून टेकले. पहिला कप्पा उघडला, पत्रं निवडली आणि बोट उचलून थांबले. साहेब मागेच होते, पण भाऊंनी मान वळवली ती काकूंकडे.

“सोडू?”

काकूंनी वाकून पहिल्या पत्रावरची तारीख वाचली, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या.

“सोडा,” त्या म्हणाल्या.